मोठ्या टायपाचं संदर्भ-बायबल : ‘तारण’ हा एकच विषय धरून केलेली पारख

संदर्भ-बायबल घेताना लोक आधी कव्हर चाचपतात, सोनेरी कडा बघतात, चेन आहे का विचारतात. माझी पारखायची रीत वेगळी आहे. एक विषय धरायचा आणि ओवीशेजारी, म्हणजे शास्त्रातल्या आकडा घातलेल्या वचनाशेजारी, दिलेल्या संदर्भांच्या आधाराने तो जुन्या करारातून नव्या करारापर्यंत गाठत जायचा. वाट सापडत गेली तर छापणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे असं समजावं. वाट जिथे तुटते तिथे कळतं की हे पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं आणि देताना सोबत काय सांगायचं. या वेळी विषय घेतला तो तारणाचा. ख्रिस्ताने आपला जीव खंडणी म्हणून देऊन आपल्याला सोडवलं, हे आपण दर रविवारी उपासनेत म्हणतो. ते शास्त्रात कुठून सुरू होतं आणि कशाच्या जोरावर उभं राहतं, हे हे पुस्तक दाखवतं का, एवढंच मला बघायचं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. धुळ्यात राहते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी बायकांचं वचन-वाचन असतं, ते मी चालवते. निम्म्याजणींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काहीजणी मोठेपणी अक्षर शिकल्या आहेत. त्यांना बारीक टायपाचं पुस्तक देणं म्हणजे वाचायला बंदी करण्यासारखंच. म्हणून मोठ्या टायपाची, मधल्या रकान्यात संदर्भ असलेली ही आवृत्ती मागवली. शास्त्राचा मजकूर आपल्या ओळखीचाच आहे, जुन्या मंडळ्यांत वाचला जातो तोच. तेव्हा परीक्षण मजकुराचं नाही. तो पारखणारी मी कोण? परीक्षण आहे ते छपाईचं, रचनेचं, संदर्भांचं आणि शेवटी जोडलेल्या लेखांचं.

वस्तू म्हणून पुस्तक चांगलं आहे. शिलाई पक्की आहे. लेवीय उघडा की मलाखी, पानं सपाट बसतात, हाताने दाबून धरावी लागत नाहीत. मजकुराचा टाइप खरोखर मोठा आहे, ओव्यांचे आकडे ठळक आहेत आणि स्तोत्रं कवितेसारखी ओळी तोडून छापली आहेत, त्यामुळे मोठ्याने वाचताना श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. रेक्झिनचं कव्हर आपल्याकडच्या मे महिन्यात थोडं चिकट होतं, पण सुटलं नाही. कागद पातळ आहे, मागच्या पानाची अक्षरं पुढे डोकावतात आणि पंख्याखाली पान धरून ठेवावं लागतं. वजन बरंच आहे. मांडीवर उशी घेऊन त्यावर पुस्तक ठेवलं तर ठीक. सगळ्यात मोठी तक्रार मधल्या रकान्याची. मजकूर मोठा केला, पण संदर्भ मुंगीएवढेच ठेवले. ज्यांच्यासाठी हे पुस्तक काढलं त्यांनाच ते दिसत नाहीत. आमच्याकडे ते मी वाचून सांगते आणि बायका पानं शोधतात.

सुरुवात केली मार्क १०:४५ पासून, म्हणजे मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या पंचेचाळिसाव्या ओवीपासून. येशूचे शिष्य याकोब आणि योहान त्याच्या गौरवात उजव्या-डाव्या बाजूची आसनं मागतात, बाकीचे दहा त्यांच्यावर चिडतात, तेव्हा येशू सगळ्यांना जवळ बोलावून सांगतो की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आला आहे, आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. रकान्यात मत्तयातली जोडीची ओवी आहे, १ तीमथ्य २:६ आहे, यशयाचा त्रेपन्नावा अध्याय आहे. हे सगळीकडेच असतं. पण इथे आणखी एक संदर्भ आहे, स्तोत्र ४९:७-८, आणि त्यासाठी मी या संपादकांना मनापासून धन्यवाद देते.

ते स्तोत्र श्रीमंतीवर भिस्त ठेवणाऱ्यांबद्दल आहे. त्यात सरळ म्हटलंय की कुणालाही आपल्या भावाला खंडणी भरून सोडवता येत नाही, जिवाचं मोल फार आहे, ते कधीच पुरं पडायचं नाही. आणि मग पंधराव्या ओवीत तोच स्तोत्रकर्ता म्हणतो की माझा जीव देव अधोलोकाच्या हातून सोडवील. माणसाला जे जमत नाही ते देव करील, एवढंच स्तोत्र सांगतं. कसं करील, ते त्यात नाही. मार्कच्या त्या एका ओवीत त्याचं उत्तर येतं. हे दोन्ही एकाखाली एक वाचले की खंडणी ही गोष्ट किती गंभीर आहे ते मनाला लागतं. याच ठिकाणी गणना ३५:३१ सुद्धा दिलं असतं तर अजून बरं झालं असतं. बैलाने शिंग मारून माणूस मेला तर काही वेळा मालकाला खंडणी भरून जीव वाचवता येई, हे निर्गम २१:३० मध्ये आहे. पण खुनी माणसाच्या जिवासाठी खंडणी घेऊ नका, असं गणना ३५ बजावतं. पैसे भरून सगळं सुटतं असं मोशेचं नियमशास्त्र कधीच मानत नाही.

दुसरी वाट प्रथम जन्मलेल्यांची. ती या पुस्तकात उत्तम लागली आहे. मिसर देशातल्या त्या रात्री वल्हांडणाच्या कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, म्हणून इस्राएलाचे थोरले मुलगे वाचले. म्हणून मग निर्गम १३ मध्ये आज्ञा येते की प्रत्येक थोरला मुलगा परमेश्वराचा, त्याला मोल देऊन सोडवायचं. गाढवाचं पहिलं शिंगरू असेल तर त्याच्या बदली कोकरू. तिथून रकाना तुम्हाला गणना ३ वर नेतो आणि तिथे हिशेब मांडलेला आहे. थोरल्यांच्या जागी देवाच्या सेवेसाठी लेवी वंशाचे लोक घ्यायचे ठरलं. लेवी भरले २२,०००. थोरले मुलगे भरले २२,२७३. वर राहिले २७३. त्यांना तसंच सोडून दिलं नाही. डोईमागे पाच शेकेल (शेकेल म्हणजे रुप्याचं एक वजन) घेतले, एकूण १,३६५ शेकेल, आणि ते याजक अहरोन व त्याच्या मुलांना दिले.

आमच्यातल्या एक मावशी बाजारात भाजी विकतात, तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी २७३ पंचे लगेच करून बघितलं आणि बरोबर आलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “बाई, देवाने एकही माणूस उधारीवर सोडला नाही,” असं त्या म्हणाल्या. एवढं नेमकं मी आजवर कुठल्या संदेशात ऐकलं नव्हतं. याच वाटेवर निर्गम ३० चा अर्धा शेकेल आहे. शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या जिवाची खंडणी म्हणून तो द्यायचा, श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. आणि हे सगळं जाऊन मिळतं १ पेत्र १:१८-१९ ला. तुमची सुटका सोन्यारुप्यासारख्या नाशवंत वस्तूंनी झाली नाही, निष्कलंक कोकऱ्यासारख्या ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली, असं पेत्र लिहितो. शेकेल मोजून झाल्यावर ही ओवी वाचली तर ती पाठ असूनही नवी वाटते. या वाटेला पूर्ण गुण.

आता वाट तुटते ती जागा, आणि तिथे मी जरा थांबणार आहे. माझ्या मते तारणाच्या शिकवणीचा गाभा तिथे आहे.

इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की मुलं रक्तमांसाची होती म्हणून तोही तसाच रक्तमांसाचा झाला, यासाठी की मरणाच्या भीतीने जन्मभर दास्यात असलेल्यांना सोडवावं. त्याच्या थोडं आधी, अकराव्या ओवीत, तो त्यांना भाऊ म्हणायला लाजत नाही असं आहे. इथे रकान्यात योहान १:१४ आहे, फिलिप्पैकरांस २ आहे, रोमकरांस ८:३ आहे. लेवीय २५ नाही. रूथ नाही. उलट बाजूने, लेवीय २५ उघडलं तरी तिथून नव्या करारात जायला एकही संदर्भ नाही. त्या अध्यायाला ‘योबेल वर्ष’ एवढा मथळा देऊन पुढे गेलेत.

लेवीय २५ मध्ये काय आहे ते सांगते. दर पन्नासाव्या वर्षी देशभर मोकळीक जाहीर करायची, ज्याची त्याची जमीन त्याला परत. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती परमेश्वराची आहे आणि तुम्ही तिथे उपरे आहात. पण पन्नास वर्षं थांबायची गरज नाही. भाऊबंद गरीब झाला आणि त्याने जमीन विकली, तर त्याच्या जवळच्या नातलगाने येऊन ती सोडवायची. त्याहून वाईट दिवस आले आणि त्याने स्वतःलाच एखाद्या सधन परक्याला विकलं, तरी त्याची सुटका होऊ शकते. कुणी सोडवायचं तेही क्रमाने सांगितलंय : भाऊ, चुलता, चुलत भाऊ, नाहीतर कुळातला कुणीही जवळचा. विकलं त्या वर्षापासून योबेल वर्षापर्यंत किती वर्षं राहिली ते मोजून किंमत ठरवायची. आणि तोवर मालकाने त्याला वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या मजुरासारखं वागवायचं, जुलूम करायचा नाही.

वर्षाच्या बोलीचा मजूर. खानदेशात हे कुणाला समजावून सांगायला हवं का? आपल्याकडे सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो आणि पुढच्या आखाजीला त्याचं साल संपतं. माझे आजोबा शहादा तालुक्यात सालदार होते. मोठ्या आत्याच्या आजारपणात त्यांनी उचल घेतली, ती सालाच्या मजुरीत फिटली नाही, बाकी पुढच्या सालावर गेली, त्याच्यावर पुन्हा उचल. हिशेबाची वही मालकाकडे. पहाटे गोठ्यापासून दिवस सुरू व्हायचा आणि रात्री पाण्याची पाळी असली तर संपायचाच नाही. १९७० नंतर शहाद्याकडे सालदारांनी आणि आदिवासी शेतकऱ्यांनी चळवळ केली, १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, पण आजोबांची गोष्ट त्याच्या आधीची.

गावातल्या एका दुकानदाराने आजोबांना सांगितलं होतं की मी तुझी उचल भरतो. आजोबांनी नकार दिला. कारण उघड होतं, दुकानदाराने पैसे भरले असते तर आजोबा दुकानदाराचे सालदार झाले असते. वही बदलली असती, एवढंच. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाने स्वतःची बैलजोडी विकली. ते स्वतः फार कुणी सधन नव्हते, बैल गेल्यावर दोन हंगाम त्यांनी दुसऱ्याच्या औतावर शेत केलं. पण पैसे मालकापुढे ठेवले, वहीत रेघ मारून घेतली आणि भावाला घरी आणलं. घरी आणल्यावर त्यांनी भावाकडून काही लिहून घेतलं नाही.

तारण म्हणजे किंमत भरणं, एवढंच जर आपण शिकवलं तर ऐकणाऱ्याच्या मनात तो दुकानदार उभा राहतो. कुणीतरी बडा, दुरून पैसे टाकणारा आणि आता आपल्याला त्याच्या उपकाराखाली वाकवणारा. शास्त्रातला सोडवणारा तसा नाही. तो कुळातला असावा लागतो. म्हणूनच योहान १:१४ म्हणतं तसं शब्द देही झाला, देव माणूस होऊन आला. म्हणूनच गलतीकरांस ४ मध्ये पौल ‘स्त्रीपासून जन्मलेला, नियमशास्त्राधीन जन्मलेला’ हे आधी लिहितो आणि मग ‘नियमशास्त्राधीन असलेल्यांना सोडवावं म्हणून’ हे लिहितो. नाताळ हा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी येणारा नुसता आनंदाचा सण नाही. बेथलेहेमात तो आपल्या कुळात आला नसता तर गुलगुथ्यावर, वधस्तंभाच्या त्या जागी, आपल्यासाठी काही भरायचा त्याला हक्क पोचला नसता. आणि पुन्हा उठल्यावर मग्दालीया मरीयेला तो सांगतो, माझ्या भावांकडे जाऊन सांग. अटकेच्या रात्री जे शिष्य पळून गेले होते, ज्या पेत्राने तीन वेळा नाकारलं होतं, त्यांना भाऊ म्हणतो.

हे शुक्रवारी बोलले तेव्हा साक्रीकडच्या एक आजी, ज्या एरवी फक्त ऐकतात, अहिराणीत म्हणाल्या, “मंग तो ते आपला भाऊच शे!” त्यानंतर प्रार्थनेत त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने तोंड उघडलं. म्हणून या रकान्यात इब्री २ शेजारी लेवीय २५ नसणं ही मला किरकोळ चूक वाटत नाही.

रूथचं पुस्तकही याच कारणाने एकटं पडलंय. नामी मवाबातून नवरा आणि दोन मुलगे गमावून परत येते, सोबत परदेशी सून. चौथ्या अध्यायात बवाज वेशीत बसतो, दहा वडील बोलावतो आणि आपल्याहून जवळच्या नातलगाला आधी विचारतो. जमीन सोडवायला तो तयार होतो. पण त्याबरोबर रूथला करून घ्यावं लागेल म्हटल्यावर मागे सरतो, माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणतो आणि आपली चप्पल काढून देतो. बवाज ते नुकसान पत्करतो. नातं आहे, ऐपत आहे, तरी मनाची तयारी नसेल तर सुटका होत नाही, हे ती गोष्ट दाखवते. रूथच्या पोटी ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात ही नावं येशूच्या वंशावळीत आहेत. या आवृत्तीत वंशावळीचा संदर्भ दिलाय, सोडवणाऱ्याचा नाही.

होशेयाच्या तिसऱ्या अध्यायाचीही अशीच गत. संदेष्टा आपल्या व्यभिचारी बायकोला पंधरा शेकेल रुपं आणि जव देऊन परत आणतो, आणि रकाना कोरा आहे.

पुस्तकाच्या शेवटी काही लेख जोडले आहेत, त्यातला एक तारणावर आहे. भाषा सोपी, वाक्यं लहान, लिहिणाऱ्याला विषयाची ओढ आहे. मात्र एका ठिकाणी मला थांबावं लागलं. खंडणी कुणाला दिली, या प्रश्नाचं लेखात एका वाक्यात ठाम उत्तर दिलंय आणि खाली पाच-सहा ओव्यांचे आकडे टाकलेत. त्या सगळ्या ओव्या आम्ही काढून वाचल्या. किंमत काय होती, कुणासाठी होती, कशातून सुटका झाली, हे त्यात आहे. ती कुणाच्या हातात पडली, हे एकीतही नाही.

हा प्रश्न मंडळीला फार जुना आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन यांनी ती सैतानाला दिली असा विचार मांडला. चौथ्या शतकात नाझियान्झचे ग्रेगरी यांना तो असह्य वाटला, लुटारूला देवाकडून मोल मिळावं हे त्यांना पटेना, आणि पित्याला दिली म्हणायलाही ते तयार नव्हते. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात वेगळीच मांडणी केली, पापाने देवाच्या सन्मानाची हानी झाली आणि ती भरून काढणं माणसाला शक्य नव्हतं म्हणून देव माणूस झाला. इतक्या थोर लोकांनी इतका विचार केला, तिथे लेखाने एका वाक्यात निकाल द्यायला नको होता.

मला स्वतःला निर्गमाची आठवण पुरेशी वाटते. परमेश्वर मोशेला सांगतो की मी बाहू उभारून तुम्हाला सोडवीन, आणि सोडवतो. फारोला एक दमडी दिली नाही. यशया ५२:३ मध्येही आहे की तुम्ही फुकट विकले गेलात आणि पैशाविना सोडवले जाल. तरी सुटका फुकट झाली नाही. भरणाऱ्याला ती किती महाग पडली यावर शास्त्राचा सगळा भर आहे, घेणाऱ्याकडे ते बघतच नाही.

कलस्सैकरांस २:१४ वर एक शब्द सांगायला हवा, कारण तिथे या आवृत्तीत छपाईची चूक आहे. आपल्याविरुद्धचा ऋणाचा लेख खोडून टाकून त्याने तो वधस्तंभाला खिळला, अशी ती ओवी. आजोबांच्या वहीतली रेघ मला तिथेच दिसते. रकान्यात मात्र असा आकडा पडलाय की पान काढल्यावर भलताच विषय निघतो. इफिसकरांस २:१५ द्यायचं असावं. पुढच्या छपाईत दुरुस्त व्हावं.

शब्दसूचीबद्दल. ‘तारण’, ‘मुक्ती’, ‘खंडणी’, ‘उद्धार’ चारही शब्द वेगवेगळे घेतलेत, ही सोय फार चांगली. पण ‘मोल’ या शब्दाखाली १ करिंथकरांस ६:२० आहे आणि ७:२३ नाही. पहिलीत तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात म्हणून देहाने देवाचं गौरव करा असं आहे. दुसरीत तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात म्हणून माणसांचे दास होऊ नका असं आहे. दुसरी गाळली तर पहिलीचा अर्थ फक्त संयमापुरता उरतो. आमच्या बापजाद्यांना दुसरी जास्त गरजेची होती आणि अजून आहे. लेवीय २५ चा शेवटही तोच आहे, इस्राएल लोक माझे दास आहेत, मी त्यांना मिसरातून बाहेर काढलं, म्हणून त्यांना दुसऱ्या कुणाला कायमचं बांधून ठेवता येणार नाही. ज्याने सोडवलं त्याचं होणं म्हणजे बाकी सगळ्यांच्या वह्यांतून नाव निघणं. आणि सोडवलेल्याला रिकामं बसवलेलं नाही. तीताला २:१४ प्रमाणे त्याने आपल्याला सोडवलं ते चांगल्या कामांत उत्सुक अशी स्वतःची प्रजा करण्यासाठी. पौल ते स्वतः करून दाखवतो. पळून आलेल्या अनेसिम या दासाला त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवताना लिहितो की त्याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे, आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. फिलेमोनाचं पत्र एका पानाचं आहे. या आवृत्तीत त्याला दिलेली प्रस्तावना सुंदर आहे, दोन परिच्छेदांत सगळा मामला उलगडते.

मथळ्यांबाबत एक हरकत. रोमकरांस आठव्या अध्यायात अठराव्या ओवीपासून पुढे ‘विजयी जीवन’ असा मथळा टाकलाय. त्याच भागात तेविसावी ओवी आहे, आत्म्याचं प्रथमफळ मिळालेले आपणसुद्धा आतल्या आत कण्हतो आहोत आणि आपल्या शरीराच्या सुटकेची वाट पाहतो आहोत. आमच्यातल्या एका ताईंची मुलगी डायलिसिसवर आहे. त्यांनी विचारलं होतं की तारण झालं म्हणता तर मग माझ्या पोरीचं काय? त्यांना हा मथळा दाखवायला माझा हात होईना. ओवी दाखवली. झालेली सुटका आणि अजून व्हायची सुटका, दोन्ही पौलाने एकाच पत्रात लिहिल्या आहेत. रोमकरांस ३:२४ मधली झालेली, ८:२३ मधली व्हायची. इफिसकरांसही पहिल्या अध्यायात सातव्या ओवीत सुटका मिळाली आहे आणि चौदाव्या ओवीत तिचा विसार मिळाला आहे. ताई काही बोलल्या नाहीत, पण ओवीचा आकडा हातावर पेनाने लिहून घेऊन गेल्या. लूक २४ मधले अम्माऊसच्या वाटेवरचे दोघंही हेच बोलत होते ना? इस्राएलाला सोडवणारा तो हाच अशी आमची आशा होती, असं ते ज्याला सांगत होते तोच सोबत चालत होता. तिथला मथळा साधा आहे, ‘अम्माऊसच्या वाटेवर’. सगळे असेच ठेवले असते तर बरं झालं असतं.

नकाशे पुसट आहेत, त्यांच्या भरवशावर घेऊ नका.

घ्यावं का? वयस्कर माणसांसाठी, वचन-वाचनाच्या गटांसाठी, नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी नक्की घ्यावं. बांधणी आणि टाइप या दोन गोष्टींवरच पैसे वसूल आहेत. ज्यांना ख्रिस्ती धर्माची फारशी ओळख नाही आणि तारण म्हणजे काय ते मुळातून वाचायचंय, त्यांनी शेवटचा लेख वाचण्याआधी निर्गम १२-१३, लेवीय २५, रूथ पूर्ण, यशया ५३, मार्क १० आणि इब्री २ एवढं त्याच क्रमाने वाचावं. एका सुट्टीच्या दिवसात होतं. एकट्याने संदर्भ लावून अभ्यास करणाऱ्यांनी भिंग जवळ ठेवावं, नाहीतर छोट्या टायपाची नेहमीची संदर्भ-आवृत्ती घ्यावी, तिच्यात मजकूर आणि रकाना निदान एका मापाचे असतात.

आमच्या गटाच्या सगळ्या प्रतींत मी पेन्सिलीने इब्री २:११-१५ शेजारी लेवीय २५:४७-५५ आणि रूथ ४ लिहिलंय, लेवीय २५ शेजारी लूक ४:१८-१९ आणि गलतीकरांस ४:४-५, आणि शब्दसूचीत ‘मोल’खाली १ करिंथकरांस ७:२३. तुम्ही घेतलंत तर तेवढं आधी करून घ्या. कागद पातळ असल्याने बॉलपेन वापरू नका, मागे उमटतं.